सुरमईच्या पोटातली शिंपली

सामंत बाई वर्गात यायच्या त्या एका हातात खडू आणि दुसऱ्या हातात मासळीची पिशवी घेऊन. भिवंडीतल्या आमच्या शाळेत त्या विज्ञान शिकवायच्या, मी गणित. त्यांच्यानंतरचा तास नेमका माझा. टेबलाला हा वास, आणि मी पडले शाकाहारी! दोन हजार सालानंतरची ती तीन-चार वर्षं मी नाक दाबून समीकरणं शिकवली आहेत.

"तोंड बघा, अंग बघा, शेपूट बघा, मग बोला," हे बाईंचं ठरलेलं. मासा कापण्याआधी त्याच्या पोटात काय निघेल ते आकारावरून सांगायचं. अंग निमुळतं, शेपटीला खोल खाच, तो पाठलाग करून खाणारा. डोकं चपटं, जबडा रुंद, तो तळाशी दबा धरून बसणार आणि भक्ष्य जवळ आलं की गट्टम करणार. मग बाई पोट चिरायच्या आणि त्या म्हणाल्या तेच निघायचं. एकदा स्टाफरूममध्ये मला नखशिखांत न्याहाळून म्हणाल्या, "तुम्ही दबा धरणाऱ्यांतल्या. कोण डबा उघडतंय याची वाट बघत बसता." खरंच होतं ते.

नववीच्या वर्गाला अकलोलीच्या गरम पाण्याच्या कुंडांवर सहल हवी होती. बाईंनी पैज लावली, मी एकदा चुकले की सहल. झालं! पोरांनी वर्षभर मासे आणले, पण बाई काही चुकेनात. त्यांच्या निवृत्तीला आठवडा उरला तसा वर्ग रडकुंडीला आला. खरं सांगायचं तर मलाही जायचं होतं.

शेवटच्या तासाला दापोडे गावाहून येणाऱ्या रंजनाने सुरमई आणली. पुढचा तास माझा, म्हणून मी दारातच उभी होते.

"बाई, आदी सांगा, हिच्या पोटात काय हाय?"

बाईंनी शेपटीवरून बोट फिरवलं. ही पळणारी, हिच्या पोटात छोटे मासेच निघणार, म्हणाल्या. चिरलं तर आत शिंपलीचं मांस! बाईंनी चष्मा पुसला, वाकून पाहिलं. मीही पाहिलं. मांसाला चक्क हळद लागली होती आणि वर ओल्या खोबऱ्याचा कीस चिकटला होता.

आता काही पोरांचं खरं नाही, असं मला वाटलं. रंजना तर रडायच्या बेताला आली होती.

"हरले मी," बाई अगदी गंभीरपणे म्हणाल्या. "सुरमई फोडणी देऊन जेवते, हे मला तिच्या आकारावरून कळलं नाही."

असा हशा उठला की शेजारचा वर्ग बघायला आला.

अकलोलीला कुंडाच्या काठावर पाय सोडून बसलो होतो. मी म्हटलं, कार्ट्यांनी तुम्हाला फसवलं, आणि तुम्ही त्यांना सहलीला आणलंत!

"अहो, सुरमई चिखलातल्या शिंपलीकडे ढुंकूनही बघत नाही, हे पक्कं ठाऊक असल्याशिवाय पोरं नेमकी तीच निवडतील का? माझं शिकवून झालं."

त्या दिवशी बाई मला फार आवडल्या. आता त्या नाहीत. मी अजून शाकाहारीच आहे, पण मासळीबाजारावरून जाताना थांबते आणि नाक दाबून शेपट्या बघते.