सरांच्या स्कूटरची किल्ली

मी डूख धरून जगणारा माणूस आहे. आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं कुणी मला क्षमाबिमा शिकवायला नको. मालिकांत मी लबाड सरपंच, खडूस सासरा, लाचखाऊ साहेब करतो. माझं नाव कुणाच्या ध्यानात राहत नाही, पण बाजारात बाया बोट दाखवतात, "अगं बाई, त्यो कानात किल्ली घालणारा!" ती किल्ली माझी नव्हेच. ती आमच्या सरांची.

लातूर जिल्हा झाला तेव्हा मी मुरुडहून तिथं कॉलेजात आलो होतो. पावसानं दगा दिलेला, गावात टँकर येई. नव्या जिल्ह्याच्या सोहळ्यात आमच्या कॉलेजचं नाटक ठरलं. बसवणारे सर नांदेडहून बदलून आलेले, बोलणं एकदम पुणेरी. मुख्य भूमिका त्यांनी मला दिली. पण तालमीत माझ्या तोंडून "न्हाई" निघालं, की सर डोळे मिटून स्कूटरची किल्ली कानात हळूहळू फिरवायचे, रुमालाला पुसायचे आणि म्हणायचे, "पुन्हा म्हण." पोरं फिदीफिदी हसायची. तरी मी महिनाभर घोटून घोटून जीभ सरळ केली.

नाटकासाठी वडिलांचं धोतर नेलं होतं. प्यायला पाणी पुरत नव्हतं, तरी आईनं टँकरच्या दोन घागरी त्या धोतरावर घातल्या होत्या. सोहळ्याच्या सकाळी सर म्हणाले, "मुंबईचे पाहुणे येणार आहेत. तुझ्या जिभेचा भरवसा नाही. तू विंगेतून वाक्यं सांग." आणि माझ्यासमोर ते धोतर दुसऱ्या पोराला नेसवलं.

आई आत्याला घेऊन एसटीनं आली होती. नाटक संपल्यावर मला म्हणाली, "धोतर तर आपलंच होतं. तू कुठं होतास रं?"

"आत होतो," म्हणालो. दुसरं काय सांगणार?

टीव्हीवर मी दिसायच्या आधीच ती गेली. तिनं मला कधी रंगवलेल्या तोंडानं पाहिलंच नाही. हे मी सरांना माफ करणार न्हाई. न्हाई म्हंजे न्हाई!

पहिली मालिका मिळाली, तेव्हा दिग्दर्शक म्हणाले, "काका, हाताला काहीतरी चाळा द्या." मी म्हणालो, "स्कूटरची किल्ली आणा." आमच्या धंद्यात एक आहे, चाळा एकदा पडद्यावर गेला की मालिका संपेपर्यंत सुटत नाही. कोणत्या कानात घातली होती, हेसुद्धा लिहून ठेवायला माणूस असतो. मालिका चार वर्षं चालली. लातुरात सरांची ही खोड कोण ओळखत नव्हतं? कळलं, की सरांच्या वर्गात पोरं किल्ल्या वाजवतात. मग कळलं, सरांनी स्कूटर विकली. जिवाला लई गार वाटलं.

मागच्या साली लातूरकरांनी माझा सत्कार ठेवला, आणि तोही सरांच्याच हस्ते. सर आता थकलेले. ते शाल घालायला पुढं आले तसं मागून कुणीतरी ओरडलं, "सर, किल्ली!" अख्खा हॉल हसला. शाल घालता घालता ते माझ्या कानाशी आले.

"बास कर की रं आता. लई झालं. नातू बी हसाय लागलाय."

मी चमकलो. हे पुणेरी नव्हतं. हे नांदेडातल्या नायगाव-बिलोलीकडचं, शेतातल्या माणसाचं बोलणं होतं. म्हणजे यांची जीभसुद्धा माझ्याच जातीची, आणि जन्मभर लपवलेली! मग मला कशाला सोललं?

त्यांची कीव यायला पाहिजे होती, हे मलाही कळतं. पण माझ्या डोळ्यांपुढं ते धोतर आलं, दुसऱ्याच्या अंगावरचं, आणि त्याच्याकडं बघत बसलेली आई.

मी खिशातून किल्ली काढली. डोळे मिटून कानात हळूहळू फिरवली, त्यांनीच घातलेल्या शालीच्या टोकाला पुसली.

"पुन्हा म्हणा," म्हणालो.