दारूच्या पिंपाचं टेबल

आमच्या गावातलं दारूचं दुकान बंद करायला बायकांचं मतदान झालं, तेव्हा घरोघर फिरून आडव्या बाटलीवर शिक्का मारा म्हणून सांगणारी मी होते. बाटली आडवी झाली, दुकानाला कुलूप लागलं आणि मी गावात मान वर करून चालू लागले. खरं सांगायचं तर जरा जास्तच वर. म्हणून एका दुपारी आमच्या मालकांनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, टेम्पोतून दारूची चार पिंपं अंगणात उतरवली तेव्हा मला भोवळ यायची बाकी राहिली.

मालक सुतार. सासऱ्यांच्या काळापासून आमच्या घरी बैलगाडीची लाकडी चाकं व्हायची आणि केजच्या बाजारात त्या चाकांना नाव होतं. मग टायरच्या गाड्या आल्या. चाकांसाठी जपलेले बाभळीचे ओंडके मागच्या खोलीत धूळ खात पडले. मालक दारं-खिडक्या करत राहिले, तर तीही लोखंडाची झाली. पुण्याला सेंट्रिंगच्या कामावर जायचं ठरत आलं होतं. तेवढ्यात माजलगावच्या एका डॉक्टरांनी त्यांना मोबाइलवर फोटो दाखवला. विलायती दारूचं पिंप, त्यावर झाडाची जाड फळी, शेजारी पिंपाच्याच फळ्यांच्या दोन खुर्च्या. जमेल का, असं त्यांनी विचारलं. मालक हो म्हणाले आणि एका बंद पडलेल्या डिस्टिलरीच्या भंगारातून पिंपं घेऊनच घरी आले. हे जमलं तर घरी राहायचं, नाही जमलं तर सोमवारची पुण्याची गाडी.

मला हे सगळं समजत होतं, तरी मी तीन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. ऊन चढलं की पिंपांना गोडसर, जळकट वास सुटायचा तो थेट गल्लीच्या तोंडापर्यंत. येणारे-जाणारे पुरुष मुद्दाम दारात थांबून मोठा श्वास घ्यायचे. दुकान आता तुमच्याकडं आलं का, असंही एकानं विचारलं. मी खराटा उचलल्यावर तो गेला.

चौथ्या दिवशी अंगणात धडधड आवाज झाला. बघते तर चारही पिंपं फळ्या-फळ्या होऊन पडलेली. पिंपाला ना खिळा असतो ना डिंक, फळ्या नुसत्या लोखंडी कड्यांच्या जोरावर उभ्या असतात. चाकाचं लाकूड उन्हात वाळवायची मालकांची जुनी सवय. तशीच त्यांनी पिंपंही वैशाखाच्या उन्हात ठेवली. लाकूड वाळून आकसलं, कडी सैल होऊन गळून पडली.

आधी मला बरं वाटलं, ते लपवत नाही. मग मालक त्या ढिगाशेजारी बसले. एक फळी हातात घेऊन बराच वेळ बघत राहिले, उठले आणि माळ्यावरून प्रवासाची बॅग काढली. बापाच्या हाताखाली चाक शिकलेला हा माणूस आता दुसऱ्याच्या बिल्डिंगला फळ्या ठोकणार, हे मला त्या वासापेक्षा जास्त झोंबलं. बोलायची सुरुवात मीच केली.

"आवो, चाकावर लोखंडी धाव कशी चढवता तुमी? तापवूनच ना?"

तापवली की धाव, म्हणजे चाकाभोवतीची लोखंडी पट्टी, फुगते, चाकावर सहज बसते. वरून पाणी ओतलं की आवळते आणि चाक घट्ट धरते. लग्न झाल्यापासून मी ते बघत आले होते. मालकांनी बॅग खाली ठेवली.

"एकट्याचं काम न्हाई ते. फळ्या कोण धरंल, पाणी कोण वतंल?"

मी गल्लीत गेले आणि बाटली आडवी करणाऱ्या बायकांना बोलावलं. काही जणी हसायला आल्या आणि फळ्या धरायला थांबल्या. शेजारच्या मावशी मात्र पदर नाकाला लावून लांब उभ्या राहिल्या. त्यांचा नवरा दारूनं गेला होता आणि मतदानाला सगळ्यांत पुढं त्याच होत्या. त्यांना हाक मारायची माझी हिंमत झाली नाही.

मालकांनी गवऱ्यांच्या निखाऱ्यांतून तापलेलं कडं सांडशीनं उचललं, फळ्यांवर बसवलं, हातोडीनं चौफेर ठोकत खाली नेलं. आम्ही कळशा ओतल्या. वाफ उठली, लाकूड करकरलं आणि पिंप असं आवळलं की सांध्यात सुई जाईना.

वर बाभळीच्या ओंडक्याची जाड फळी बसली. कडेला सासऱ्यांच्या कुऱ्हाडीचे घाव होते, ते मालकांनी रंधा मारून काढले नाहीत. डॉक्टरांनी टेबलावर हात फिरवला आणि आणखी दोन सांगितली. बॅग माळ्यावर गेली.

त्यानंतर एका सकाळी मावशी अंगणात आल्या. उरलेल्या फळ्यांची एक खुर्ची तिथं होती. त्यांनी ती वाकून हुंगली, हलवून पाहिली, मग तिच्यावर बसल्या.

"दारूनं माझ्या घरातलं समदं सामान नेलं," त्या म्हणाल्या, "पितळी हंडासुदीक. सामान देणारी दारू आजच बघितली. ही मला दे."

मी बरोबर येते म्हटलं, तर नको म्हणाल्या. खुर्ची डोक्यावर घेतली आणि पुरुषांनी भरलेल्या पारावरून सरळ आपल्या घरी गेल्या.