किल्ल्याच्या बागेतली विहीर

साठच्या दशकात मी शिरगावला मास्तर होतो. किल्ल्याजवळ एक फार जुनी बाग होती. दगडी पाट, मधोमध हौद, बकुळी आणि सोनचाफ्याची डेरेदार झाडं. निम्मी बाग रानात बुडालेली. ती सांभाळणारा एक म्हातारा माळी होता, त्याच्या घरात बापजाद्यांपासून हेच काम. मला सुधारणेची भारी हौस. पालघरला खेटे घालून परवानगी आणली, गाव गोळा केलं आणि दोन हिवाळ्यांत पाट मोकळे केले. हौदात पाणी पडलं तेव्हा माळ्याचे डोळे भरून आले. मीही फुशारलो.

चैत्रात विहीर एवढ्या बागेला पुरेना. रहाटाचे लोटे अर्धे रिकामेच वर येत. मी म्हणालो, विहीर खोल करू.

"मास्तर, त्या चिकनमातीच्या खाली जाऊ नका," माळी म्हणाला. "खाली दर्या हाय. आमच्या बापानं कदी हात लावला नाय."

पण शिकलेला मी होतो ना! मातीचा थर फोडून आणखी दोन हात खणायला लावलं. पाणी भसाभसा आलं. आठवडाभर आम्ही बाग तुडुंब भिजवली. मग चाफ्याच्या पानांच्या कडा करपायला लागल्या. मी विहिरीचं पाणी ओंजळीने तोंडात घेतलं आणि तसंच थुंकलं.

माती ओतून, चोपून थर पुन्हा बसवला. काही उपयोग झाला नाही. गावातल्या गोड्या विहिरी तळाला गेलेल्या. बायकांच्या घागरीतलं पाणी झाडांसाठी कोणत्या तोंडाने मागणार? खारं पाणी दिलं तर झाडं मरणार, नाही दिलं तर वाळणार. पावसाला अजून दीड-दोन महिने होते. मला काही म्हणजे काही सुचत नव्हतं, आणि ते कबूल करायची हिंमतही नव्हती.

माळी रोज सकाळी शाळेच्या दारात येई. "मास्तर, आज पानी सोडू का नको?"

मी एक दिवस "सोडा" म्हणे, दुसऱ्या दिवशी "राहू द्या". दोन्ही वेळा तो "बरं" म्हणून निघून जाई. एकदा तरी चिडला असता, तर मला बरं वाटलं असतं.

एक दिवस तो आलाच नाही. शाळा सुटल्यावर मी भरदुपारी बागेत गेलो. तो रहाटाचे लोटे सोडवून एका कडेला रचत होता. मला बघून त्याने कपाळाचा घाम पुसला.

"कशाला आलात उन्हात, मास्तर?" तो म्हणाला. "हितं आता काय काम नाय."