जागा सोडणारं गवत

स्वातंत्र्याला वर्षही झालं नव्हतं. गोंदियाजवळच्या एका क्लबात मी कारकून होतो. थंडीत गोल्फच्या मैदानावरची दूब, म्हणजे हरळी, पिवळी पडे, म्हणून गोऱ्या सेक्रेटरीसाहेबांनी तिच्यावर पेरायला दोन तऱ्हेचं विलायती बी मागवलं होतं. त्यातलं एक निवडायचं काम जवळच्या मुर्री गावच्या एका माळ्याकडे होतं. घरचं धान कापून झालं की तो हिवाळ्यापुरता क्लबात येई.

त्यानं दोन्ही बियांचे वाफे केले. रोज सकाळी तो अनवाणी त्यांवरून चाले, मग उकिडवा बसून चेंडू घरंगळवून बघे. साहेबांना दाट वाफा आवडला. माळ्यानं विरळ वाफ्याकडे बोट दाखवलं.

"हे काऊन?" मी विचारलं.

"बाबूजी, तो दाट गवत उन्हाळ्यातबी हटत नाही. मागच्या साली इथलंच थोडं बी घरच्या दुबीत लावून पायलो मी. खालची दूब मरते. पाहुण्यानं येळेवर जागा सोडली पायजे."

हे साहेबांना इंग्रजीत सांगताना माझी जीभ अडखळली. साहेब विरळ वाफ्यापाशी जाऊन उभे राहिले. मग म्हणाले, "हेच पेरा."

मी माळ्याकडे पाहिलं. तो फक्त गवताबद्दलच बोलला होता का, हे मला आजही कळलेलं नाही. तो मूठभर बी नाकाशी धरून हुंगत होता.