सात कॉम्प्युटरांचा नायक

पांढरकवड्याच्या आमच्या कॉलेजात मी कॉम्प्युटर शिकवते, आणि मला राग पटकन येतो. प्राचार्यांनी लॅबमधले सात जुने कॉम्प्युटर भंगारात काढायचं ठरवलं तेव्हा तर डोकंच फिरलं. ते गेले की लॅब बंद, आणि मग माझा विषय फळ्यावरच शिकवायचा. मी तावातावाने सांगून आले, की हे सातही मिळून एका नव्या मशीनचं काम करून दाखवतील. सांगून बसले आणि मग घाम फुटला.

काम मुलींनी निवडलं. मारेगावकडच्या शेतांतून त्यांनी कपाशीच्या बोंडांचे ढीगभर फोटो आणले होते. त्यांतली अळी लागलेली बोंडं ओळखायची. एकट्या मशीनला ते झेपेना. म्हणून काम सातांत वाटलं, फोटोंची प्रत मात्र प्रत्येकावर ठेवली, म्हणजे एखादं बंद पडलं तरी काही हरवायला नको. कुणी काय तपासायचं हे सांगायला एक मशीन मुख्य नेमलं. माझ्या एका बंजारा विद्यार्थिनीने त्याचं नाव ठेवलं नायक. तांड्याचा नायक बाहेरगावी गेला की कारभारी बघतो, तसं हा गप्प झाला की बाकीच्यांनी आपसांत दुसरा निवडायचा. मी खूश. म्हटलं, जमलं.

जमलं कुठलं. आमच्या वायरी जुन्या. नायकाचा निरोप जरा उशिरा पोचला की इतरांना वाटे, तो गेलाच. लगेच नवा नायक. मग जुनाही हुकूम सोडतोय आणि नवाही, तेच फोटो दोनदोनदा तपासले जातायत. मी चिडून वायरी उपटायला निघाले, तर ती पोरगी म्हणाली, "मॅडम, अर्ध्याहून जास्त जणं हो म्हणत नाहीत तोवर कोणालेच नायक मानाचं नाही. दोन नायक झाले तं भांडणंच होईन."

सातांतले चार. एकाच्या बाजूला चार गेले की दुसऱ्यासाठी चार उरतच नाहीत, आणि चौघं सोबत नसतील तर जुन्या नायकानेही गप्प बसायचं. इतकं साधं होतं ते. मी तिला मिठीच मारली.

दाखवायचा दिवस आला. प्राचार्यांना वीज वाया गेलेली खपत नाही. खोलीत शिरता शिरता दाराजवळचं बटण बंद करायची त्यांच्या हाताला सवयच आहे. त्यांनी ते केलंही. त्या बटणावर आमचा नायक होता.

बाकीचे सहा थबकले, आणि मग खिडकीजवळच्या मशीनच्या पडद्यावर नवा नायक निवडल्याची ओळ उमटली. फोटो पुन्हा सरकायला लागले. मला नाचावंसं वाटत होतं. प्राचार्य खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, आता मुख्य मशीन बंद पडलं तर काय होतं ते दाखवा.

"सर, ते तुम्ही आत्ताच बंद केलंत."

त्यांनी बटणाकडे पाहिलं, मग पडद्याकडे. आणि गडी रंगात आला. उठून दुसरं बंद केलं, तिसरं केलं. काम मंदावलं, पण थांबलं नाही. चौथं बंद केल्यावर मात्र उरलेली तिन्ही थांबली. बिघडलं का, असं त्यांनी काळजीने विचारलं. मी सांगितलं, बिघडलं नाही. चौघं जमत नाहीत तोवर चुकीचं काही करण्यापेक्षा ती थांबून राहतात.

मग चौथ्याचं बटण त्यांनी स्वतःच पुन्हा दाबलं, मशीन सुरू होईपर्यंत त्याच्यासमोरून हलले नाहीत, आणि फोटो सरकायला लागताच म्हणाले, "मॅडम, त्या भंगारवाल्याले फोन करा. येऊ नको म्हणा."