पायापुरता उजेड

आमच्या मुलुंडच्या इमारतीला खेटून टॉवर उभा राहिला आणि जिन्याची खिडकी भरदिवसा आंधळी झाली. जिन्यातला दिवा कोणी बदलायचा यावर सोसायटीच्या मीटिंगा होतात, दिवा काही लागत नाही. लिफ्ट नाहीच. गेल्या आठवड्यात संध्याकाळी उतरताना माझी शेवटची पायरी चुकली. कठडा धरला म्हणून वाचले, पण सुनेने वरून पाहिलं. "आई, आता एकटीने खाली जायचं नाही." म्हणजे खालच्या बाकावरची आमची रोजची टवाळकी बंद!

उपाय म्हणून मुलाने बॅटरी आणली. सोटा म्हणून चालेल एवढी.

"हजार ल्युमेनचा उजेड आहे! शेजारच्या टॉवरचा बारावा मजला दिसतो."

"बाराव्या मजल्यावर माझं काय काम रे? पायरी दिसते का सांग."

"अगं, ल्युमेन बघ ना!"

बघितले. झोताच्या मधोमध पांढराफेक ठिपका, भोवती काळोख. गुळगुळीत पायरीवर तो असा चमकायचा की पायरीची कडच गायब. उजेड कमी केला तर ठिपका नुसता मंद झाला, पसरला नाही. हे मुलाला चारदा सांगितलं. चारदा त्याने खोक्यावरचा आकडा दाखवला.

ओरडायची सोय नाही, कारण हा शहाणपणा त्याने माझ्याकडूनच उचललाय. पन्नाशीत घाटकोपर स्टेशनबाहेर मी पहिली एलईडी बॅटरी घेतली आणि गणपतीला गावी मिरवत नेली. तिन्हीसांजेला अंगणात जावेला म्हणाले, "बघ, माडावरचे नारळ मोजून घे!" मान वर, झोत वर, बाईसाहेब पुढे, आणि पाय थेट शेणाच्या घमेल्यात. जाऊ म्हणाली, "मुंबयकारणी, कितके नारळ झाले गो?" तरी पाय धुऊन आल्यावर पुन्हा बॅटरीचीच तारीफ. असली मी.

काल दुपारी बाथरूमच्या खिडकीवर टॉवेल लावला आणि दार लावून घरातल्या तिन्ही बॅटऱ्या कमरेच्या उंचीवरून समोरच्या टाइल्सवर मारल्या. मुलाची: एक टाइल लख्ख, बाकी अंधार. जुनी, पुढचं तोंड फिरवून झोत लहानमोठा करायची: भिंतीवर पिवळट चौकोन, कडेला निळी किनार. किल्ल्यांना लावलेली चिमुकली: अख्ख्या भिंतीवर पसरली, पण उजेड इतका गरीब की टाइल्सच्या फटी दिसेनात.

"आई, अर्धा तास झाला. आत काय चाललंय?"

"टाइल्स मोजतेय!"

आता सुनेला वेगळीच काळजी लागली असणार.

बाहेर आले तर ओट्यावर धुऊन वाळत घातलेल्या दुधाच्या पिशव्या. एकीचा छपाई नसलेला पांढुरका तुकडा कापला, मुलाच्या बॅटरीच्या तोंडावर ताणून रबर लावला आणि पुन्हा आत गेले. ठिपका विरघळला. उजेड थोडा कमी झाला, पण भिंतभर सारखा, प्रत्येक फट स्पष्ट.

आज पाचला सून वर जिन्याच्या तोंडाशी उभी राहिली. मी उतरले, प्रत्येक पायरीची कड बघत, कठड्याला फक्त बोट लावून. खालून ओरडले, "पोचले!"

"उद्याही मी बघणार हं," ती म्हणाली. बघ बाई.

बाकावर टेकते तोच मुलाचा फोन. "आई, यापेक्षा डबल पॉवरची मागवलीय."

"गावी पाठव," म्हटलं, "नारळ मोजायचे राहिलेत."