बंडीतली बाज

अख्ख्या वऱ्हाडात कापूस पिकवणारे, विकणारे, वाहून नेणारे लोक पुष्कळ होऊन गेले. पण गाडीत झोपावं कसं, या एकाच प्रश्नापायी निम्मं आयुष्य घालवलेला माणूस मी एकच पाहिला. ते माझ्या वडिलांचे आतेभाऊ. आम्ही त्यांना काकाजी म्हणत असू. वऱ्हाडचा कारभार तेव्हा मध्यप्रांताबरोबर चाले. काकाजींची शेती संग्रामपूरकडे, सातपुड्याच्या पायथ्याला, आणि कापूस आणायचा मलकापूरच्या बाजारात. म्हणजे बैलबंडीनं वाटेत मुक्काम ठरलेलाच. मी मलकापुरात एका अडत्याकडे नोकरीला होतो. बाकीचे शेतकरी उतरल्या उतरल्या भाव विचारत. काकाजी आधी झोप कशी लागली ते सांगत, आणि चहा संपल्यावर कापसाची आठवण काढत.

कोणी आंब्यांच्या जाती सांगाव्यात तशा ते झोपेच्या जागा सांगत. भरल्या बंडीत कापसावर झोपलं तर ऊब राजाला मिळणार नाही अशी, पण माणूस रुतत जातो. एकदा ते इतके खोल गेले की बरोबरचे गाडीवान हाका मारत पूर्णेच्या काठापर्यंत त्यांना शोधून आले आणि परतल्यावर बंडीतून घोरणं ऐकून हतबुद्ध झाले. बंडीखाली सतरंजी टाकली तर दव लागत नाही, मात्र बैलाचं शेपूट तोंडावरून फिरतं. एका वर्षी त्यांनी रिकाम्या बंडीच्या मागच्या टोकाला काकूंच्या जुन्या लुगड्याची झोळी बांधली. झोळीत अंग टाकताच बंडी उलाळली, जू आभाळाकडे गेलं आणि काकाजी धुळीत बसले. त्यावर त्यांचा अभिप्राय एवढाच होता, की झोळी चांगली आहे, बंडीच हलकी पडली.

पुढे त्यांचे दोस्त शेखजी यांनी मोटारलॉरी घेतली. काकाजींनी तिचीही परीक्षा घेतली. गाडी अंगणात उभी असताना ते पुढच्या बाकावर आडवे झाले आणि डोकं नेमकं भोंग्याच्या रबरी फुग्यावर टेकलं. कुशीवर वळले की भोंगा वाजे. आळीतली कुत्री आणि शेखजी दोघंही जागे. सकाळी शेखजी डोळे चोळत म्हणाले, “काकाजी, मोटार पोचायसाठी असते, झोपायसाठी नसते.” काकाजींना ते पटलं नाही. त्यांनी चालत्या लॉरीत मागच्या फळीवर निजून नांदुऱ्यापर्यंत प्रवास केला आणि उतरले ते कमरेला हात लावूनच. “मोटार बाद,” ते मला म्हणाले. “जोरानं आपटते. तिले नाई सोसनार.”

तिला म्हणजे कोणाला, हे मला तेव्हा कळलं. काकूंचं माहेर साखरखेर्ड्याचं, घाटावर. विहिरीच्या पायरीवरून पडल्यापासून त्यांची पाठ कामातून गेली होती. वेशीपर्यंत बंडीत बसल्या तरी डोळ्यांत पाणी येई. कित्येक वर्षं त्या माहेरी गेल्या नव्हत्या. त्यात त्यांच्या आईची नजर गेल्याचा आणि ती दिवसभर लेकीचं नाव घेत बसते असा निरोप आला होता. मी काकाजींना विचारलं, की हे सगळं काकूंसाठी चाललंय होय? ते जरा लाजले आणि म्हणाले, “नाद तं माहाच हाये. पन कामी आला तं बरंच.”

शेवटी त्यांनी बंडीच्या दोन्ही बाजूंच्या दांड्यांना अंबाडीची दोरी विणून तळाला न टेकणारी बाज तयार केली. तिच्यावर कडबा, कडब्यावर गादी. परीक्षेला शेखजींना वर निजवलं, त्यांच्या पोटावर पाण्यानं काठोकाठ भरलेला गडू ठेवला आणि बंडी कोरड्या नाल्यातल्या धोंड्यांवरून हाकली. पाणी सांडलं, पण ते धोंड्यांनी नाही. शेखजींना झोप लागली आणि ते घोरायला लागले म्हणून. काकाजींनी त्याच दिवशी काकूंना तयारीला लागायला सांगितलं.

मी रजा काढून बरोबर गेलो. खामगाव मागे पडलं, घाट लागला. काकाजी बंडीत बसलेच नाहीत. बैलांच्या तोंडाशी चालत, खड्डा दिसला की हळू आवाजात त्यांना थोपवत. मधूनमधून मागं वळून विचारत, “दुखून राह्यलं काय वो?” काकू पडल्या पडल्या आभाळ बघत होत्या. पहिल्यांदा नाही म्हणाल्या, दुसऱ्यांदा नाही म्हणाल्या, तिसऱ्यांदा म्हणाल्या, “तुमी इचारून इचारून झोपू द्याल तं ना.” त्यानंतर काकाजींनी तोंड उघडलं नाही, आणि घाटमाथ्यावर पाहिलं तर काकू गाढ झोपल्या होत्या.

साखरखेर्ड्याला म्हातारीनं लेकीचं तोंड दोन्ही हातांनी चाचपलं, पाठीवरून हात फिरवला आणि पुन्हा तोंड चाचपलं. काकाजी तोवर दाराबाहेर बैलांना पाणी पाजत उभे होते. आत या म्हटलं तरी आले नाहीत. दोन दिवसांनी काकूंनी आईजवळ काही महिने राहायचं ठरवलं. काकाजींनी मान हलवली, थांब जेवढं थांबायचं तेवढं म्हणाले आणि बैल जुंपले.

परतताना घाट उतरल्यावर दिवस कलला तेव्हा आम्ही एका निंबाखाली बंडी सोडली. काकाजी उपाशासारखे दिसत होते, खरं तर भरपेट जेवून निघाले होते. मी म्हटलं, काकाजी, आता बाज रिकामी आहे, आज तुम्ही झोपा तिच्यावर. एवढी मेहनत केलीत, एकदा अनुभव तरी घ्या. त्यांनी गादीवरून हात फिरवला, कडब्याची एक काडी आत सारली आणि खाली सतरंजी पसरली.

“राहू दे बाबू,” ते म्हणाले. “आता तिच्या पाठीच्या मापानं बसली हाये. मी निजलो तं मोडन. आनायले याच बंडीत जा लागन ना.”